पट्टा ढिला ठेव

१

मला खोकला आला की माझा उजवा हात कोपरातनं वाकतो. यात भुताखेताचं काही नाही, ऑपरेशनच तसं आहे. पण रिक्षात शेजारी बसलेल्याला ते माहीत नसतं. तो आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघतो आणि गप्प होतो. म्हणून मी आताशा आधीच सांगून मोकळा होतो.

गंगापूरकडनं येताना रस्त्यात रोही आडवा आला. हे घोड्याएवढं जनावर, नीलगाय म्हणतात ते. गाडी घसरली आणि मी खांद्यावर आपटलो. डोकं एकीकडं ओढलं गेलं, खांदा दुसरीकडं. हाड एकही मोडलं नव्हतं, म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला. नारळ खाऊन झाल्यावर कळलं की हात गेला. मानेतनं पाच नसा निघतात, गळ्याच्या हाडामागं त्यांची वेणी पडते, परत त्या सुट्या होतात आणि काखेतनं हातात उतरतात. माझी ती वेणी मुळासकट उपटली गेली होती. हात अंगाला लटकत होता एवढंच. तव्याला चिकटला तरी मला कळायचं नाही, वास आल्यावर कळायचं.

मग पुण्याहून येणाऱ्या सर्जननी माझ्या बरगड्यांमधल्या काही नसा सोडवल्या आणि दंडाच्या नसेला जोडल्या. त्या नसांचं मूळचं काम श्वासाचं. सर्जन म्हणाले, आता तुमचा हात श्वासावर चालेल. मोठा श्वास घेतला की कोपर वाकेल, खोकलं की वाकेल, आणि हळूहळू मेंदू शिकेल, मग श्वास न घेताही वाकेल. लई महिने काहीच झालं नाही. मग एकदा फोडणीच्या मिरचीनं शिंक आली आणि मांडीवरचा हात उडून छातीशी आला. मंजुषा, माझी बायको, झारा हातात घेऊनच रडली. आमची श्रेया तेव्हा पहिलीत होती. ती म्हणाली, पप्पा परत शिंका. आणि नाकात घालायला कागदाची सुरळी घेऊन आली.

कंपनीतलं माझं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं होतं. मंजुषा शेंद्र्याला पॅकिंगला जायला लागली. तिची बस उजाडायच्या आत यायची. मग रांजणगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी, भांडी, आणि हाताचे व्यायाम. बायको कमावते आणि मी एका हातानं भांडी घासतो याची मला लाज वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. न विचारता सांगत असे.

२

दिवाळीनंतर आबांना गावाकडनं आणलं. आबा म्हणजे माझे वडील, साहेबराव. त्यांची छाती बिडीनं आणि जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं गेली होती. चार पावलं चालले की ओठ निळे पडायचे. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवलं. खट्ट, फुस्स, खट्ट, फुस्स. दिवसभर तेच. पहिल्या आठवड्यात त्या आवाजानं डोकं उठायचं, पुढं सवय झाली.

आबांचं सगळं मलाच करावं लागायचं. धुणं, पुसणं, पाजणं, कूस बदलणं. एका हातानं माणसाची कूस बदलून बघा कधी. आबा बिचारे लाजायचे. तोंड भिंतीकडं करायचे आणि म्हणायचे, राहू दे रं, मंजुषा आली की बघू. मंजुषा यायची चार वाजता. तोपर्यंत कसं राहू द्यायचं?

एक दिवस औषध देत होतो. बाटली गुडघ्यांत धरलेली, डाव्या हातानं चमच्यात धार धरली. सांडू नये म्हणून मी श्वास रोखला. तेवढ्यात मांडीवरचा उजवा हात वर आला. सावकाश आला, थांबला आणि खाली गेला. परत वर आला. मी अजून श्वास रोखलेलाच होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मेंदू शिकला. मी वैदेही मॅडमना फोन लावला. त्या माझ्या फिजिओथेरपिस्ट, सिडकोत त्यांचं क्लिनिक आहे. त्याही खूश झाल्या, म्हणाल्या, आता मनानं ठरवून वाकवा. मी ठरवलं. वाक म्हणालो. दात खाऊन म्हणालो. हात ढिम्म. आणि मी नाद सोडून आबांना औषध पाजायला वळलो, तर परत वर आला.

आबांची छाती तेव्हाच वर आली होती. बनियनखाली बरगड्या फाकलेल्या दिसत होत्या. त्या खाली बसल्या, हात खाली बसला.

३

मी काही खुळा नाही. सीएनसी मशीनवर दहा वर्षं काढलेला माणूस आहे, मायक्रॉनची चूक पकडायचो. मी म्हणालो, ऑक्सिजनच्या मशीनच्या आवाजाला माझा श्वास बांधला गेला असेल. मग मशीनच्या ठेक्याकडं लक्ष दिलं. ते आपलं एकसारखं चालायचं. आबांचा श्वास तसा नव्हता. तो अडखळायचा, दोनदा उथळ यायचा, मग एकदम खोल. माझा हात अडखळत होता.

एकदा भर दुपारी लाइट गेली आणि मशीन बंद पडलं. बाजूचा सिलिंडर लावेपर्यंत घर इतकं शांत झालं की आबांच्या घशातली शिट्टी ऐकू येत होती. शिट्टीसोबत हात वर, शिट्टीसोबत खाली. सिलिंडरची किल्ली फिरवताना मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिलो.

मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, दोन माणसं दिवसभर एका खोलीत असली की श्वास जुळतातच, आई आणि तान्ह्या बाळाचे जुळतात तसे. पटलं मला. पटवून घेतलं. मग मी स्वयंपाकघरात बसायला लागलो. मधे भिंत, दार लोटलेलं, समोर निवडायची मेथी. तिथं बसलं की आधी हात उडायचा, आणि मग पलीकडनं आबांचा खोकला ऐकू यायचा.

आधी हात. मग खोकला. मी मेथी तशीच टाकून बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो.

कुणाला सांगायचं? मंजुषा दमून यायची. तिला सांगून तिनं काय केलं असतं, घाबरली असती, नाहीतर मला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. म्हाताऱ्या बापाचा श्वास असा उघडावाघडा माझ्या मांडीवर हलताना बघणं, हे त्यांना धुण्यापुसण्यापेक्षा वाईट होतं.

४

बाहेर जाताना मला हात पट्ट्यात घालावा लागतो. खांद्याला ओझं होऊ नये म्हणून. कापडी झोळी असते, तिला छातीभोवती एक पट्टा, त्याला बक्कल. मी क्लिनिकला निघालो की शेजारच्या द्वारकाबाई आबांजवळ येऊन बसायच्या. परत आलो की त्यांचं एकच, "गोकुळ, तू घराबाहेर पाय ठिवला का म्हाताऱ्याचा दम लई वाढतो बघ. पोरात जीव हाय त्याचा." मंजुषाही मान डोलवायची. मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी मी पट्टा घातला आणि बाहेर गेलोच नाही. आबांसमोर स्टुलावर बसलो. बक्कल नेहमीसारखं लावलं. आबा पेपर ऐकत होते, म्हणजे मी वाचायचो आणि ते ऐकायचे. वाचता वाचता मी पट्टा एक घर ओढला. आबांनी खाकरल्यासारखं केलं. अजून एक घर ओढला. दंडाचा गोळा कापडाखाली फुगत होता, वर येऊ बघत होता. मला त्याचं काहीच कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आबांचं तोंड उघडलं. डोळे मोठे झाले, हात खाटेची कड शोधायला लागला. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, सगळं जिथल्या तिथं होतं.

मी बक्कल काढलं. घाईत ते निघेना, तर दातानं ओढून काढलं. हात उसळून छातीवर आदळला आणि आबांनी असा श्वास घेतला की द्वारकाबाई भिंतीपलीकडनं ओरडल्या, काय झालं म्हणून.

काही नाही म्हणालो. ठसका लागला.

आबा घामानं भिजले होते. पुसताना म्हणाले, "छातीवर वजन आल्यागत झालं रं." मी हो म्हणालो. त्या दिवशी मी पट्टा माळ्यावर फेकून दिला, आणि क्लिनिकला हात खिशात कोंबून गेलो. मॅडम रागावल्या, खांदा निसटेल म्हणाल्या. निसटला तर निसटला.

५

इथं थांबलो असतो तर बरं होतं. लोक म्हणतात ना, एकदा ठेच लागली की माणूस बघून चालतो. मी बघूनच चाललो.

मार्च लागला होता, पत्रा तापायला लागला होता. आबांचं पोट बिघडलेलं. सकाळपासून त्यांचं तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आवरलं होतं, चादरी बादलीत पडल्या होत्या. श्रेया अजून शाळेतनं यायची होती. मी भाकरी आणि ठेचा घेऊन बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि पुढच्या खोलीतनं आवाज आला, "गोकुळ." बारीक आवाज होता. लाजेनं बारीक झालेला.

मी उठलो नाही. दुसरा घास मोडला. परत आवाज आला. हात मांडीवर वरखाली होत होता, आणि मी भाकरी खाली ठेवली, तो हात उचलला, आणि मांडी त्याच्यावर टाकून बसलो. घास खाल्ला. नीट चावून खाल्ला. पलीकडनं हाक आली नाही. मशीनचा आवाज तेवढा येत होता.

एवढंच. एका घासापुरतं. मग मी धावत गेलो. आबा निळे पडले होते. पाठ चोळली, मशीनचा वेग वाढवला, उघड्या हातानं त्यांच्या तोंडाला वारा घातला. ते परत गुलाबी होईपर्यंत त्यांना मिठी मारून बसलो होतो, त्यांच्या घाणीसकट. मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही. मनात एवढंच होतं की भाकरी गार झाली असेल.

पुढं धुऊनपुसून झाल्यावर, कोरडी चादर अंथरल्यावर, आबांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, हाताकडं. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पट्टा ढिला ठेव रं लेका."

माझ्या अंगावर पट्टा नव्हता. तो माळ्यावर पडलेला होता. म्हाताऱ्या माणसाचं काय, कधीचं काहीही आठवतं, असं मी स्वतःला म्हणालो आणि बादली उचलून मोरीत गेलो. मोरीचं दार लावून घेतलं. पोटच्या पोराला माणूस असं सांगतो, तेही ओरडून नाही, तर भाजीत मीठ कमी घाल म्हणावं तसं. त्या दिवसापासून त्यांना खाऊ घालताना माझी मान कधी वर झाली नाही.

६

एप्रिलमध्ये आबा एकदम खचले. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, ठेवून घेतलं आणि मग म्हणाले, आता घरीच बरं. गावाहून कडूबा काका आले, आबांचे धाकटे भाऊ. त्यांनी येताना शेतातली माती फडक्यात बांधून आणली होती आणि विहिरीचं पाणी बाटलीत. माती आबांच्या हाताला लावली. पाणी जिभेवर सोडलं. गावातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारलं, कुणाला भेटायचंय का, काही राहिलंय का. आबा मान हलवत होते, नाही, नाही. श्वास तसाच अडखळत चालू होता. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तंबाखू मळत सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "साहेबरावचा जीव कशात तरी आडकलाय. जोवर सुटत नाय तोवर असाच घोळ व्हणार. हाल हायेत रं त्याचे."

आमच्याकडं असं म्हणतातच. कुणाचा जीव बैलात अडकलेला असतो, कुणाचा लेकीच्या न झालेल्या लग्नात. ते सोडवायचं असतं, मग माणूस सुखानं जातो. मंजुषा म्हणाली, नातीत असेल, आणि श्रेयाला त्यांच्या उशाशी बसवलं. मी दाराला टेकून उभा होतो. हात लेंग्याच्या नाडीशी खोचून ठेवला होता, तरी शर्ट हलत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. आबांचं होतं.

दुपारी मंजुषा कंपनीत रजा टाकायला म्हणून गेली, तिला फोनवर कुणी रजा देईना. काका श्रेयाला घेऊन आइसकांडी आणायला गेले. घरात आम्ही दोघं, आणि खट्ट, फुस्स. आबांनी डोळे उघडले. ओठ हलले, म्हणून कान जवळ नेला.

"पड जरा," ते म्हणाले. "लई दमला तू."

बाप पोराला म्हणतोच असं. आजवर हजारदा म्हणाले असतील, कापूस वेचून आलो की म्हणायचे. यात दुसरं काही होतं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय, आणि काही होतं असं उत्तर यावं असं मला वाटतं, हीच मोठी लाज आहे.

मी खाटेशेजारी चटईवर पडलो. मला डाव्या कुशीवरच झोपायचं असतं. उजवीकडं वळू नये म्हणून मंजुषा रोज सकाळी जाताना माझ्या अंथरुणात पाठीमागं उशी लावून जायची. आज दुपारी निघतानाही लावून गेली होती. मी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा मशीन चालू होतं. खट्ट, फुस्स. त्याच्यासोबतचा दुसरा आवाज नव्हता. मी उजव्या कुशीवर होतो. हात अंगाखाली होता, मनगट उलटं, बोटं पांढरी पडलेली. उशी पायथ्याला होती, घडी केलेल्या चादरीवर. झोपेत सरकलेली उशी कशीही पडते. ही सरळ ठेवलेली होती, खोळीच्या शिलाईची बाजू खाली करून.

मी हात बाहेर ओढला. तो सुतळीसारखा पडून राहिला.

७

आबांच्या तोंडात शेवटचं पाणी उजव्या हातानंच घालायचं, म्हणून काकांनी माझा हात उचलला, बोटं मिटवून पसा केला आणि त्यात पाणी ओतलं. बोटांच्या फटींतनं ते सगळं आबांच्या मानेवर सांडलं. मी हुंदके देत होतो. इतका जोरात रडत होतो की बरगड्या दुखायला लागल्या, पण हात हलला नाही. पुढंही नाही. खोकलो, शिंकलो, मोठे श्वास घेतले, काही नाही.

जो तो येऊन तेच म्हणायचा. एका हातानं बापाची सेवा केली. श्रावणबाळ झाला पोरगा. द्वारकाबाई तर गल्लीभर सांगत होत्या. मी मान खाली घालायचो, त्यांना वाटायचं विनय. दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंड ठेवला आणि मागं सरकतोय तोवर कावळा शिवला. बाकीच्यांना तास तास बसावं लागतं. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काही मागं राहिलं नाही बघ, समाधानानं गेला. मला पिंडाकडं बघवेना. मी नदीच्या पाण्याकडं बघत उभा राहिलो.

घरी आल्यावर मशीन परत केलं, खाट उभी करून ठेवली. मॅडम म्हणाल्या, धक्क्यानं होतं असं, नसा रुसतात, हात येईल परत. मी म्हणालो नाही आला तरी चालेल. त्यांना तो निराशेचा सूर वाटला. मला खरंच तसं वाटत होतं. मेलेला हात घेऊन मी सुखात राहिलो असतो.

८

जून उजाडला. त्या दिवशी मंजुषाला सुट्टी होती. मला क्लिनिकला जायचं होतं. खांद्याचा सांधा उतरायला आला होता, तेव्हा पट्टा घातल्याशिवाय येऊ नका असं मॅडमनी तिला फोन करून सांगितलं होतं. तिनं माळा धुंडाळून पट्टा काढला, झटकला, उन्हात टाकला. श्रेया शाळेतनं आली, वरणभात खाल्ला आणि होती तशी, गणवेशातच, चटईवर झोपून गेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

मांडीवरचा हात हलला.

पहिल्यांदा मला वाटलं आला परत. मी श्वास रोखला. हात हलत राहिला. आबांचा तो अडखळणारा ठेका नव्हता. हा बारीक होता, भराभर, उथळ. मी खाटेच्या जागेकडं बघितलं, तिथं भिंत होती. मग मी चटईकडं बघितलं. श्रेयाच्या गणवेशाचा खिसा वर यायचा, खाली जायचा. खिशाला बाईंनी लावलेला चांदणीचा स्टिकर होता.

"अहो, उठा, मॅडम वाट बघत असतील," म्हणत मंजुषा पट्टा घेऊन आली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं हात झोळीत ठेवला, नेहमी ठेवते तसा, काचेचं भांडं ठेवावं तसा. पट्टा पाठीमागनं फिरवला. बक्कल लावलं. ढिला वाटला म्हणून एक घर ओढला.

श्रेयाचं तोंड उघडलं.

मला नुसतं एक म्हणायचं होतं, सोड. एवढासा शब्द. पण सोड म्हटलं की का म्हणेल, का म्हटलं की सांगावं लागेल, आणि मग चटईवरची उशी सांगावी लागेल. हे सगळं माझ्या डोक्यातनं गेलं. माझी पोरगी समोर निळी पडत होती, आणि मी तेवढा वेळ गप्प बसलो. तिचा एक श्वास गेला तरी मी गप्प होतो. हे मी कुणाच्या झोपेवर ढकलू शकत नाही.

"सोड," मी म्हणालो.

"का हो? नीट बसलाय की."

"सोड म्हणतो ना!"

तिनं दचकून बक्कल ओढलं. पट्टा सुटला. श्रेयानं झोपेतच आ करून श्वास ओढला आणि माझा हात उसळून माझ्याच छातीवर आदळला. मंजुषानं वळून श्रेयाकडं बघितलं. परत हाताकडं. मग श्रेयाकडं. चांदणी वर, हात वर. चांदणी खाली, हात खाली. गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत ती तशीच गुडघ्यांवर बसून बघत होती, आणि दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठली नाही.

मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आबा गेले तेव्हा मी लावलेली उशी कुठं होती?"

मी मान खाली घातली. हात हलत होता.

तिनं पट्टा गॅसवर धरून जाळला. काका, शेजारीपाजारी, मॅडम, कुणालाही एका अक्षरानं बोलली नाही. आता ती माझ्या उजव्या बाजूला झोपते, आणि तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवते. द्वारकाबाईंनी एकदा सकाळी खिडकीतनं बघितलं, तर गल्लीत सांगत सुटल्या की जोडी असावी तर अशी. कंपनीत रात्रपाळी सांगितली तर ती नाही म्हणते. जागी आहे की झोपली, हे मला विचारायचं धाडस होत नाही. मी डाव्या कुशीवर भिंतीकडं तोंड करून पडतो. मागं ती माझा हात धरून असते, एवढं माहीत आहे. पण तिनं तो घट्ट धरलाय की ढिला, ते मला कळत नाही.